ओनबाराच्या घराला तिसरी तार

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार
ओनबारा

दादा,

आधी चूक दुरुस्त करते. १४ सप्टेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की होरिबेकाकांचा पेट्रोल पंप येत्या मार्चमध्ये बंद होणार आहे, आणि म्हणून घरी विजेच्या गाडीचा चार्जर बसवण्यावाचून मला गत्यंतर नाही. हे खरं नाही. पंप बंद होणार असं काकांनी कुणालाही सांगितलेलं नाही. मी ते आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी ऐकलं, आणि जिने सांगितलं तिनेही कुठून तरी ऐकलेलंच होतं. "म्हणतात" असं लिहायला हवं होतं, मी "आहे" असं लिहिलं.

असं का लिहिलं याचाही विचार केला. ज्याच्यापुढे दुसरा रस्ताच नसतो त्याला कुणी दोष देत नाही. तू दोष देऊ नयेस म्हणून मी तो रस्ता आधीच बंद करून टाकला.

किनुएआत्या असती तर तिने ते पत्र टपालात पडूच दिलं नसतं. तुला आठवत असेल, मी शाळेच्या फाटकापासून पोट धरून परत यायचे आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला शिकवायची, चौथीपर्यंत. लिहिण्यात चूक झाली तर खोडरबर मिळायचं नाही. पुढच्या पानावर सगळ्यात वर, काय चुकलं ते लिहायचं आणि मग पुढचा धडा. तुला ती हसत हसत म्हणायची, "तुला मी शिकवलं असतं तर तुझं पानच भरून गेलं असतं." तिची ती सवय मला अजून आहे. म्हणून हे पत्र.

आता खरं काय ते लिहिते.

जानेवारीपासून आमच्या केंद्राच्या सगळ्या गाड्या विजेच्या होणार आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालणं, औषधं देणं, जेवू घालणं हे माझं काम, तुला माहीत आहे. दिवसाला सत्तर किलोमीटर होतात. ज्यांच्या घरी चार्जर आहे त्यांनी गाडी घरी न्यावी, ज्यांच्याकडे नाही त्यांनी ती केंद्रातच ठेवावी असा नियम आला आहे. माझी स्वतःची गाडी बाबांच्या वेळची आहे, या हिवाळ्यात ती घाट चढेल असं मला वाटत नाही. म्हणजे चार्जर नाही तर मला खाली शहरात खोली घेऊन राहावं लागेल. मग आपलं घर बंद. आणि इकडे वर डोंगरातल्या चार घरी सकाळी साडेसातला जे कुणीतरी पोचतं ते पोचणार नाही, कारण केंद्रातल्यांपैकी इथे राहणारी मी एकटीच आहे.

आणि चार्जर बसवला तर होरिबेकाकांचा पंप. वाडीतल्या उरलेल्या सहा घरांच्या गाड्यांत मिळून जेवढं पेट्रोल जातं त्याहून जास्त माझ्या एकटीच्या गाडीत जातं. त्यांचा पंप मुळात माझ्यामुळे चालतो असं म्हटलं तर ते फार फुशारकीचं होईल, पण माझ्यामुळे बंद पडेल असं म्हटलं तर ते खरं आहे.

घर अजून बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे चार्जरसाठीच्या नगरपालिकेच्या अर्जावर सहीऐवजी दोन्ही वारसांचा नावाचा शिक्का लागतो. तो कागद मागच्या पत्रात होता. तू शिक्का मारला नसशील तर थांब. चुकीचं वाचून मारलेला शिक्का मला नको.

तिकडे तुझ्या शहरात थंडी पडली असेल. होरिबेकाका टाकी भरताना दर वेळी विचारतात, "मुरोरानला बर्फ पडलं का गं?" मी सांगते, अजून नाही. मला माहीत नसतं, पण सांगते. ही पण एक चूकच.

चिगुसा

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

दादा,

तुझं पाकीट शनिवारी आलं. मी थांब म्हटलं ते तुझ्यापर्यंत पोचायच्या आधीच तू शिक्का मारून मोकळा झाला होतास. सोबत चिठ्ठी: "लाव. कुणाला विचारत बसू नकोस."

पाच शब्द झाले. मी मोजले. नऊ वर्षांत तुझ्या हातचे हे पहिले पाच शब्द, आणि तेही माझ्या बाजूचे. आभारी आहे. शिक्का जरा तिरका उमटलाय, पण नगरपालिकेतल्या बाई म्हणाल्या चालेल.

पण इथे राहायचं तर विचारत बसावंच लागतं. निदान सांगत फिरावं लागतं. घरात काम काढायचं, भिंतीला भोक पाडायचं, रस्त्यावर कंत्राटदाराची गाडी उभी राहणार, म्हणजे समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन अशा पाच घरी आधी टॉवेल घेऊन जायचं आणि डोकं टेकवून "त्रास होईल, सांभाळून घ्या" म्हणायचं. आत्या असताना ती जायची, बाबा असताना बाबा. या वेळी पहिल्यांदाच मी गेले. खाली जाऊन निळ्या रेघांचे सुती टॉवेल आणले, कागदी पट्टीवर आपलं आडनाव छापून घेतलं. दुकानदाराने पाच की सहा विचारलं. सहा म्हणाले.

समोरच्या ससाओकाआजीने टॉवेल घेऊन तिथेच तोंड पुसलं. "टिपतोय बरा," म्हणाली. "आणि हे काय लावतेस म्हणे? गाडी विजेवर?"

"हो आजी. रात्रभर लावून ठेवायची, सकाळी तयार."

"म्हणजे माझ्यासारखंच झालं. मी पण रात्रभर विजेच्या चादरीत पडून असते. सकाळी मात्र तयार नसते." मग आवाज खाली करून, "होरिबेला सांगितलंस का?"

"सांगणार आहे."

"आधी त्याला सांगायचं होतं, पोरी."

मला ते माहीत होतं. पाच घरं झाली, सहावा टॉवेल पिशवीत तसाच होता. पंप आपल्या घरापासून सातवा, पाच घरांच्या हिशेबात तो येत नाही. मी स्वतःला असं समजावलं. आणि खरं कारण असं की ज्याचं गिऱ्हाईक काढून घ्यायचं त्याच्या हातात टॉवेल देऊन "सांभाळून घ्या" म्हणणं मला फार निर्लज्जपणाचं वाटलं. घरी येऊन तो टॉवेल मी कपाटात ठेवला. नगरपालिकेत दाखवून आणलेला कागदही अजून न देता तिथेच ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरायला गेले. त्यांना कळलं होतं. वाडी सात घरांची, न कळून कसं चालेल? त्यांनी काच पुसली, चाकातली हवा तपासली, टाकी काठोकाठ भरली. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, हां, थांब!" असं नेहमीसारखं ओरडत गाडी रस्त्यावर काढून दिली, टोपी काढून वाकले. फक्त मुरोरानच्या बर्फाचं विचारलं नाही.

दादा, आता दुसरी चूक लिहायची आहे. ती जुनी आहे.

बाबांच्या आजारपणातल्या दुसऱ्या हिवाळ्यात तू एकदा फोन केला होतास. डायलिसिसला कोण नेतं असं विचारलंस, आणि मी "मी नेते" म्हणाले. तू म्हणालास, "तुझे उपकार आहेत." ते शब्द मी अर्ध्या खोट्यावर घेतले. आठवड्यातून तीनदा जायचं असायचं, त्यातलं मी एकदाच न्यायचे. मंगळवार आणि शनिवार होरिबेकाका न्यायचे. पंपाच्या काचेवर "एकला परत येतो" असा पुठ्ठा टांगायचे आणि त्यांच्या छोट्या ट्रकमधून बाबांना घेऊन जायचे. दोन हिवाळे आणि मधला एक उन्हाळा. मी त्यांना विनंती केलेली नव्हती. एका मंगळवारी माझी गाडी सुरू होईना, ते साखळ्या लावून वर आले आणि म्हणाले, "मला तसंही खाली जायचंय." पुढच्या मंगळवारी पण त्यांना तसंही जायचं होतं. मग कुणी काही बोललंच नाही.

बाबा आणि ते गाडीत काय बोलत असतील असं मला कुतूहल होतं. एकदा काकांना विचारलं. "तुझा बाप झोपायचा जाताना," ते म्हणाले, "आणि येताना माझं गाडी चालवणं कसं चुकतं ते सांगायचा."

आणि बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशीचं. त्यांच्या नावाची पाटी मी धरली होती हे तुला कळलं असेल. फोटो काकांनी धरला. पण त्याआधी पुढच्या रांगेत गुरुजींनी माझ्या शेजारचं आसन उचलायला सांगितलं तेव्हा काका मागून म्हणाले, "राहू दे. थोरला वाटेत आहे." तू वाटेत नव्हतास हे त्यांना माहीत होतं. गुरुजींनाही माहीत होतं. ते आसन शेवटपर्यंत तिथेच राहिलं. त्यामुळे वाडीतल्या लोकांनी तू आला नाहीस असं म्हणायचं टाळलं, "पोचू शकला नाही" असं म्हणाले. तेव्हापासून इथे तसंच म्हणतात.

हे मी तुला तीन वर्षं सांगितलं नाही. तुझे उपकार आहेत असं तू मला म्हणाला होतास, ते मला सोडवत नव्हतं.

आता सांग, अशा माणसाच्या दारावरून मी रोज विजेची गाडी घेऊन कशी जाऊ?

चिगुसा

२९ ऑक्टोबर २०२५, बुधवार

दादा,

मध्ये अकरा दिवस मी चार्जर लावायचा नाही असं ठरवलं होतं. खाली दोन खोल्या पाहून आले. एकीच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीचा जिना दिसतो, दुसरीत कपडे वाळत घालायला जागा नाही. केंद्रातल्या बाईंना सांगितलं की मी गाडी तिथेच ठेवीन. त्या म्हणाल्या, "मग वरची चार घरं?" मी म्हणाले नऊ वाजेपर्यंत पोचेन. त्यातल्या हारादाआजोबांना साडेसातला इन्सुलिन लागतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती आणि त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

मग काल काका केरोसीन घेऊन आले. थंडीची पहिली फेरी. घरामागच्या टाकीला नळी लावली आणि पाठ करून उभे राहिले. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला.

"टॉवेल कसले होते?"

"काय काका?"

"टॉवेल. ससाओका म्हातारी रोज गळ्यात घालून येते मला दाखवायला. निळ्या रेघांचा."

मी टाकीवरचा पाला झाडू लागले.

"आमच्याकडे आला नाही."

"काका, तुम्हाला कोणत्या तोंडाने देणार होते?"

"तोंडाने कशाला? हाताने द्यायचा." नळीकडे बघत होते. मग म्हणाले, "एक्कावन्न वर्षं आहे मी या वाडीत. तुझ्या आजोबांनी छपराला कौलं घातली तेव्हा टॉवेल आला. आत्याने न्हाणीघर बांधलं तेव्हा आला. तुझ्या बापाने तर साधं कुंपण हलवलं तेव्हाही आणून दिला, वर म्हणाला, हा जुना आहे, घरातलाच, पण तुझं तोंड पुसायला पुरे."

"मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

"मग वाटलंच की. पाच घरी गेलीस, मला सोडलंस. ज्याच्या घरी टॉवेल जात नाही तो शेजारी नव्हे, दुकानदार. दुकानदाराला कोण सांगायला जातं? उद्यापासून येणार नाही म्हणून? आपलं यायचं बंद करतात, झालं."

दादा, मी इतके दिवस उलटं समजत होते. न देणं हीच मर्यादा असं मला वाटत होतं. त्यांच्या पंपाला धक्का लागू नये म्हणून मी झुरत होते आणि तेवढ्यात त्यांना शेजाऱ्यांतून वगळून बसले होते.

मी म्हणाले, "चुकलं माझं. आणि मी आता लावणारच नाहीये. खाली खोली बघितली आहे."

त्यांनी कप खांबाच्या दगडावर ठेवला. "कुठे?"

"स्टेशनच्या मागे."

"ओलावा असतो तिथे." मग एकदम, "म्हणजे माझ्या पंपासाठी तू घर बंद करणार? मी विचारलं होतं?"

"तुम्ही काहीच विचारलं नाहीत. बाबांच्या वेळीही तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

यावर ते थोडे गडबडले. नळी काढून गुंडाळायला लागले, नीट गुंडाळली तरी परत उलगडली. मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते पुन्हा वाचायचं आहे.

"तू टाकी अर्धी झाली की येतेस. मला कळत नाही का? देवळातले गुरुजी शहरात जातात, तिथे दोन पंप समोरासमोर आहेत. पण काटा लाल रेघेखाली जातो तरी तसेच घाट चढून येतात, माझ्याकडे भरायला. मागच्या फेब्रुवारीत वळणावर बंद पडली गाडी, मीच डबा घेऊन गेलो. वर मलाच म्हणतात, बघा, तुमचा पंप किती लागतो आम्हाला! आणि ससाओका म्हातारी. स्कूटर विकून सहा वर्षं झाली तिला. डबा घेऊन येते, दोन लिटर नेते, गवत कापायच्या यंत्रासाठी म्हणे. एवढं गवत आहे कुठे तिच्याकडे? तुम्ही सगळे माझ्यासाठी भरता, आणि मी तुमच्यासाठी उघडतो. पाठ सरळ होत नाही सकाळी, तरी सातला उघडतो, म्हटलं चिगुसा यायची. जमिनीखालची टाकी जुनी झाली, पुढच्या वर्षी तिला आतून अस्तर मारल्याशिवाय परवानगी मिळायची नाही. शहात्तराव्या वर्षी मी टाकीला अस्तर मारून काय करू? पण थांबणार कसा? तुम्ही भरायचं थांबवत नाही."

"मग सांगायचं होतं ना."

"तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही माझ्यासाठी इतकी वर्षं भरताय."

मला हसू आलं. त्यांनाही आलं, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं.

"कुणीतरी पहिलं थांबायला हवं होतं," म्हणाले. "तू असशील असं वाटलं नव्हतं एवढंच."

"वाईट वाटलं?"

"वाटलं. न वाटायला मी काय पत्र्याचा डबा आहे? एक्कावन्न वर्षं झाली. वाटेल अजून थोडे दिवस. वाटू दे." टोपी काढून परत घातली. "पुढच्या ऑक्टोबरपर्यंत चालवतो. गुरुजींना तोवर काटा वाचायला शिकवतो. केरोसीन सोडणार नाही हां. ते जमिनीवरच्या छोट्या टाकीतून भागतं. म्हातारी थंडीत गारठली तर भूत होऊन माझ्याच पंपावर बसेल."

मी रडले नाही. खोटं नको, थोडी रडले. आत जाऊन कपाटातून टॉवेल आणला आणि दोन्ही हातांनी दिला, वाकून, जसा द्यायला हवा होता तसा. "घरात काम काढतेय. त्रास होईल. सांभाळून घ्या."

त्यांनी पट्टीवरचं आपलं आडनाव वाचलं. "अक्षर किनुएसारखं आहे," म्हणाले. ते छापलेलं होतं, पण मी दुरुस्त केलं नाही. ट्रकमध्ये बसल्यावर काच खाली केली.

"मुरोरानला बर्फ पडलं का?"

"मला माहीत नाही, काका," मी म्हणाले. "विचारून सांगते."

म्हणून विचारते. पडलं का?

चिगुसा

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

दादा,

तुझं दोन पानांचं पत्र मी तीनदा वाचलं. तीन तारखेला डोंगरावर पडलं, शहरात अजून नाही. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "हां, म्हणजे यंदा उशीर आहे." त्यांना मुरोरानच्या बर्फाची वेळापत्रकासकट माहिती आहे हे मला आता तुझ्या पत्रावरून कळलं. ते दर डिसेंबरात तुला वाळवलेली पर्सिमनची फळं पाठवतात, आठ वर्षं, आणि तू दर वेळी त्यांना एका कार्डावर फक्त बर्फाचं लिहून पाठवतोस! दोघांपैकी एकानेही मला सांगू नये? मी रागावले होते, संध्याकाळपर्यंत. मग मला वाटलं, बरं झालं. मी तुझ्याशी बोलत नव्हते त्या वर्षांतही या घराची खबर तुला लागत होती. मी समजत होते तितका तू एकटा नव्हतास. त्याबद्दल त्यांचे आभार मी वेगळे मानले. ते म्हणाले, "कसली फळं?"

तू लिहिलंस की बाबांना "इथेच एकटे मरा" असं तू सगळ्यांसमोर म्हणालास, त्यानंतर यायला तोंड नव्हतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, मी ते ऐकलं होतं. आणि बाबा काय म्हणाले तेही ऐकलं होतं. मी त्यावर काही लिहिणार नाही, कारण मला त्यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही. एवढंच लिहिते की ते एकटे नव्हते. मंगळवारी आणि शनिवारी तर मुळीच नव्हते.

आता कामाचं.

कपाटातला कागद नगरपालिकेत देऊन आले. गुरुवारी वीजवाले मिझुनुमासान घर बघून गेले. चार्जर म्हणजे भिंतीवर हाताएवढी पेटी, एवढंच. मला वाटलं होतं त्याहून फार लहान. न्हाणीघराच्या बाजूला, वळचणीखाली बसेल, तिथे बर्फ साचत नाही. काका टॉवेल गळ्यात अडकवून आले होते, काम नसताना. "पेटी जरा वर घ्या," म्हणाले. "इथे फेब्रुवारीत कमरेपर्यंत बर्फ असतं." मिझुनुमासान म्हणाले कंपनीच्या पुस्तकात एक मीटर दिलंय. "पुस्तक कुठे छापलं?" काकांनी विचारलं. पेटी सव्वा मीटरवर बसणार आहे.

पण एक अडचण निघाली. आपल्या घराला अजून जुनी दोन तारांची वीज आहे. गाडीसाठी रस्त्यावरच्या खांबावरून तिसरी तार आणावी लागेल. ते वीज कंपनी करून देते, पण ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्या अर्जावर. मीटर अजून बाबांच्या, शिगेयोशी या नावावर आहे. मिझुनुमासान यादीत लिहीत होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, "हे घरी कधी भेटतील?"

काका पटकन म्हणाले, "देवळामागे भेटतील. जरा कमी बोलतात."

मला हे नाव तीन वर्षांपूर्वीच बदलायला हवं होतं. नियमाला धरून वागणारी मी, पण हे एक केलं नाही. दर महिन्याच्या वीसच्या आसपास बाबांच्या नावाचं विजेच्या बिलाचं एक पाकीट येतं. दुसरं कुणीही आता त्यांना काही पाठवत नाही. मी ते त्यांच्या जागी, टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला ठेवते आणि दुसऱ्या दिवशी उघडते. हे मी आत्तापर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. आत्याने याला चूक म्हटलं असतं की नाही हे मी ठरवू शकले नाही.

काल पाकीट नसतानाही मी त्या बाजूला बसून बघितलं. तिथून रस्ता दिसतो, खांब दिसतो, आणि वळणावरून वर येणाऱ्या गाड्या दिसतात. मला आधी वाटायचं बाबांना ऊन आवडतं म्हणून ते तिथे बसतात.

दादा, तू विचारलंस की मी खरंच इथेच राहणार का, आणि तू शिक्का मारलास म्हणून मला बांधल्यासारखं तर वाटत नाही ना. नाही. मी हिशेब करून पाहिला तेव्हा बांधल्यासारखं वाटत होतं, कारण मी कुणाकुणाचं काय काय घेतलं तेच लिहून काढत होते. आत्याची चार वर्षं. काकांचे मंगळवार. ससाओकाआजीचं न उगवलेलं गवत. तुझा तिरका शिक्का. पण यातलं कुणीच काही परत मागत नाहीये. त्यांना फक्त सकाळी साडेसातला मी यायला हवी आहे, आणि मला यायला आवडतं. एवढी साधी गोष्ट समजायला मला दोन महिने आणि सहा टॉवेल लागले.

उद्या सोमवारी वीज कंपनीचं ऑफिस नऊला उघडतं. मी फोन करून मीटर माझ्या नावावर करून घेणार आहे. त्यानंतर तार यायला आठ-दहा दिवस लागतात. मिझुनुमासान वीस तारखेला मोकळे होते, पण ससाओकाआजीने पंचांग काढलं. तो दिवस सगळ्यात अशुभ निघाला. "म्हणूनच मोकळा आहे तो," ती म्हणाली. "घराला भोक पाडायला हाच दिवस सापडला?" त्याच्या पुढचा दिवस सगळ्यात शुभ आहे. मिझुनुमासाननी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला पुढे ढकललं. त्याचं मला वाईट वाटतंय, पण मी त्यांचं नाव विचारून घेतलं आहे, त्यांना पत्र लिहीन.

त्या दिवशी दुपारी आजी अळकुड्यांचं कालवण करणार आहे, गुरुजी येणार आहेत, आणि काका पंपावर पुठ्ठा टांगून येणार आहेत. घरात सगळ्यांना पुरतील एवढी आसनं आहेत आणि एक जास्त आहे.

ये असं मी लिहीत नाही. तुला रजा मिळते का, विमान कुठून सुटतं, त्या दिवसांत तिकडे हवा कशी असते, यातलं मला काहीच माहीत नाही. आणि माहीत नसलेलं यापुढे लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. म्हणून माहीत असलेलं तेवढं लिहिते.

मी चार्जर बसवते आहे. शुक्रवार, २१ नोव्हेंबर, सकाळी नऊ वाजता.

चिगुसा